आतघ्या काका

साक्षगंध ऐन रंगात आलं होतं. अंगठ्या डबीतून निघाल्या होत्या, फोटोवाला मुलीला हनुवटी जरा वर करायला सांगत होता, स्पीकरवर सनई लागली होती आणि दुसऱ्या रांगेतून एकदम खणखणीत आवाज आला, "साडेअकरा झाले! आत घ्या!"

मुलाकडची मंडळी उमरखेडहून भल्या पहाटे निघालेली. पोटात आधार म्हणून फक्त चहा-पोहे. त्यांना वाटलं, पंगतीचं बोलावणं आलं. आठ-दहा पुरुष उठून जेवणाच्या हॉलकडं चालायला लागले, त्यांच्या मागं बायका, बायकांच्या मागं पोरं. प्रत्यक्ष अंगठी घातली गेली तेव्हा मुलाच्या बाजूला त्याची आई आणि खुर्चीत झोपलेले एक आजोबा एवढंच वऱ्हाड शिल्लक होतं.

काका फोन कानाला लावून शांतपणे विचारत होते, "दोन्ही ट्रे घेतले न? तीन नंबरचा भिंतीच्या सावलीत ठेव. स्लॅबवर ठेवू नको बाप्पा, स्लॅब खालून भाजते."

असा माणूस तुमच्याही कॉलनीत आहे, हे मला ठाऊक आहे. तुमच्याकडं तो बोअरच्या पाण्याचा टीडीएस मोजत असेल, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गाडीचं चाक चपलेच्या टोकानं दाबून 'हवा कमी हाय' असं सांगत असेल. यवतमाळच्या दारव्हा रोडवरच्या आमच्या कॉलनीच्या वाट्याला टमाटरची रोपं कणखर करणारा आला. त्यांचं खरं नाव मतदार यादीबाहेर फारसं वापरात नाही. पोरांनी ठेवलेलं 'आतघ्या काका' हेच चालतं. कुरिअरवालासुद्धा कोपऱ्यावर तेच नाव विचारतो आणि बरोबर घरी पोचतो.

काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. म्हणजे कागदोपत्री झाले. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला सुटली, हे आपण शाळेत कधीतरी वाचलेलं असतं. ती वेळेवर पोचली असेल का, या विषयावर काका अर्धा तास बोलू शकतात. नोकरी गेल्यावर गाड्या गेल्या, फलाट गेला, माइक गेला. पण आवाज राहिला आणि वेळापत्रकाची खाज राहिली. ती खाज त्यांनी रोपांवर काढली.

त्यांच्या ओसरीत खुंटीला एक लांबट रजिस्टर टांगलेलं असतं. लाल-निळ्या रेघा स्वतः आखलेल्या. रकाने असे: ट्रे क्रमांक, बाहेर, आत, ऊन (नरम, कडक, ढगाळ), शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आहे: 'ट्रे २ आत घेण्यास ४ मि. उशीर. कारण: सौ. अंघोळीस.' त्याखाली सहीही होती. काकूंची नव्हती, काकांचीच. काकूंनी खुलासा द्यायला नकार दिला होता.

ट्रे म्हणजे तेच प्लास्टिकचे काळे, नर्सरीत असतात तसे, अठ्ठ्याण्णव खळग्यांचे. खळग्यात नारळाचा भुसा, भुशात एकेक बी. बी टाकल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत रोप वीतभराला येतं, चार-पाच पानं धरतं, आणि मग काकांचा मोसम सुरू होतो. नेमके तेच दिवस आमच्याकडं दुर्गोत्सवाचे. सारं यवतमाळ रात्रभर देखावे पाहत फिरतं, पहाटे अंथरुणाला पाठ टेकतं आणि सातच्या ठोक्याला कॉलनीत आवाज येतो, "एक नंबर बाहेर!"

पहिल्या दिवशी रोपांना जवळची फेरी. सातचं कोवळं ऊन, अर्धा-पाऊण तास, की परत डेपोत. डेपो म्हणजे ओसरी. दुसऱ्या दिवशी तासभर. मग दीड. चौथ्या-पाचव्या दिवसापासून अकरा-साडेअकरापर्यंत, ती 'जलद'. आठवड्याच्या शेवटी दिवसभर, तो लांब पल्ला. आणि सगळ्यात शेवटी रोपं रात्री बाहेर राहतात, त्याला काका 'मुक्कामी' म्हणतात. पहिल्या मुक्कामाच्या रात्री ते स्वतः अंगणात बाज टाकून ट्रेजवळ झोपतात. मोकाट गाय येते, असं कारण सांगतात. मुक्कामी गाडीबरोबर ड्रायव्हर-कंडक्टर राहतातच, हे खरं कारण असावं.

आता या सगळ्यात शेजाऱ्यांचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटायचं. पण काकांचे ट्रे सहा, हात दोन, आणि काकूंनी सांगून टाकलेलं की, मी चाळीस वर्षं तुमच्या ड्युट्या सांभाळल्या, आता टमाटरच्या सांभाळणार नाही. तेव्हा काका बँकेत गेले, दवाखान्यात गेले, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला गेले की जो कोणी घरी असेल त्याला फोन येतो. "सर, साडेदहा होऊन राहिले. आत घ्या." मी वर्गात असलो तरी येतो. तिमाही परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरव्हिजनला असताना माझा फोन एकदा टेबलावर उताणा पडून थरथरत होता, पडद्यावर 'आतघ्या काका' अशी अक्षरं, आणि पहिल्या बाकावरचा मुलगा ती वाचून पेपर सोडून हसत होता. यवतमाळात श्रद्धांजलीच्या सभा अकराला असल्या की लोक पोटात गोळा घेऊन बसतात. काका भावनेच्या भरात घड्याळ विसरतील, अशी आशा कोणालाच नसते. एका सभेत वक्ते म्हणाले, "देवानं त्यांना आपल्यातून नेलं," आणि मागून काका फोनमध्ये म्हणाले, "आत घ्या." पहिल्या रांगेतल्या बायकांना ते उत्तम वाटलं. एकीनं हात जोडले.

हा सगळा तमाशा कशासाठी, ते सांगितलं पाहिजे, कारण माणूस वेडा असला तरी त्याचं शास्त्र पक्कं आहे. रोपाचं सारं बालपण भाद्रपदाच्या ढगात आणि हिरव्या शेडनेटखाली गेलेलं असतं. अशा सावलीतलं पान मिळेल तेवढा उजेड गोळा करण्यासाठी वाढतं. मोठं, पातळ, मऊ, आणि अंगावरचा मेणाचा थर नावापुरता. मग एक दिवस ढग फाटतात आणि ऑक्टोबरचं ऊन पडतं. पावसानं धुतलेली हवा, मधे धूळ नाही, धूर नाही. घरात ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे लक्स उजेड असतो, भर दुपारच्या उघड्या उन्हात लाखाच्या घरात. एवढा उजेड एकदम अंगावर आला की पानाला तो वापरताही येत नाही आणि झटकताही येत नाही. आतलं हरितद्रव्यच जळून जातं. आधी पान मलूल होतं. दुसऱ्या दिवशी शिरांच्या मधल्या जागेत पांढुरका डाग उमटतो आणि बोटानं दाबला तर पतंगाच्या कागदासारखा वाजतो. तो डाग पुन्हा हिरवा होत नाही, कितीही पाणी घाला.

तेच ऊन थोडंथोडं वाढवत दिलं तर आठ-दहा दिवसांत रोप बदलतं. पानावर मेण चढतं, नवी पानं जाड आणि लहान येतात, खोड जरा जांभळट, टणक होतं, वाढ मंदावते आणि साठवण वाढते. पाणीही थोडं तोडायचं असतं, वाळवायचं नाही. हा भाग यवतमाळकराला समजावून सांगावा लागत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली आणि नळ आठवडेच्या आठवडे कोरडे राहिले, तेव्हा आमचं सगळ्या शहराचं हे प्रशिक्षण पूर्ण झालेलं आहे.

पण फार तोडूनही चालत नाही. अति कणखर केलेलं रोप खोडात लाकडासारखं होऊन बसतं आणि शेतात लावलं तरी पुढं सरकत नाही. काका दर वर्षी अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीला जातात. तिथल्या शास्त्रज्ञांना त्यांनी हा प्रश्न इतक्यांदा विचारला आहे की त्यातला एक जण लांबूनच, "नाही काका, जास्त पाणी तोडायचं नाही," असं ओरडतो म्हणे. हे काकांनीच सांगितलं, आणि अभिमानानं.

काकांच्या अगदी समोर एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब राहतात. कणखरपणावर त्यांचाही विश्वास आहे, पण वेगळा. हल्लीची पोरं नाजूक, हल्लीचे शेतकरी नाजूक, आमच्या वेळी आम्ही अनवाणी चार मैल. हे भाषण ते कॉलनीच्या गणपतीत करतात, कोजागरीला दूध आटेपर्यंत करतात. आपल्याकडं हे भाषण करणाऱ्यांची कधीच टंचाई पडत नाही. कर्जमाफीची बातमी आली, दहावीचा निकाल लागला, कोणाची सून माहेरी गेली, भाषण तेच. कोजागरीला त्यांनी पुन्हा सुरू केलं, "पोरांना उन्हात सोडा हो, उन्हात. आपोआप काटक होतात."

काका भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. म्हणाले, "सोडा न. पन आत कवा घेता, ते सांगा."

"म्हणजे?"

"म्हनजे उन्हात त कोनीबी सोडते जी. त्याले काय अक्कल लागते? दार उघडलं की झालं."

साहेबांना तो टोला समजला नसावा, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी नर्सरीतून अर्धा भरलेला एक ट्रे आणला आणि काकांना दाखवायचं म्हणून थेट गच्चीवर, भर दुपारी, उघड्या स्लॅबवर ठेवून दिला. वरून ऊन, खालून तापलेलं सिमेंट. संध्याकाळी रोपांनी माना टाकल्या होत्या. दोन दिवसांनी पांढरे डाग. साहेबांनी एक पान तोडून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पुरावा म्हणून, आणि गावातल्या एका कृषी केंद्रात नेलं. तिथल्या पोरानं पान उजेडात धरलं, उलटं केलं, "करपा वाटून राहिला," म्हणाला आणि तीन बाटल्या काउंटरवर ठेवल्या. एक बुरशीचं औषध, एक किडीचं, 'असू द्या सोबत' म्हणून, आणि एक टॉनिक, ज्याच्या लेबलावर एक फार आनंदी शेतकरी होता. अर्ध्या ट्रेला, म्हणजे चाळीस-पन्नास रोपांना.

साहेब पंप भरत होते तेवढ्यात काका रस्ता ओलांडून आले. अनवाणी. चष्मा कपाळावर. एक रोप खळग्यासकट उचलून डोळ्यांशी नेलं.

"हे पाहा, दाग वरच्या पानावर हायेत. आता खालचं पान पाहा. जेवढ्यावर वरच्या पानाची सावली पडली होती, तेवढं हिरवंगार. अन् सावली सरली तिथून पांढरं, रेघ ओढल्यावानी. रोग काय सावली पाहून येते का जी? हे ऊन लागलं हाय. काही मारू नका. भाजलेली पानं तोडूबी नका, त्यात हिरवं उरलं तेवढं झाडाच्या कामाचं हाय. शेंडा जिता हाय, नवं पान येऊ द्या."

साहेब म्हणाले, "आता पैसे घालून आणलंच आहे तर मारतो. नुकसान तर काही नाही ना?"

आणि इथं काकांचा आवाज बदलला. मोठा झाला नाही, उलट फलाटावरचा सगळा खणखणाट त्यातून गेला.

२०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले, काहींची नजर अंधारली. कपाशी त्या साली माणसाच्या डोक्यावर गेली होती. औषध वर मारायचं आणि ते तोंडावर परत यायचं. हातात मोजे नाहीत, तोंडाला असलाच तर दुपट्टा, आणि तोही ओला झालेला. हे सगळं वर्तमानपत्रांत आलं, चौकशा झाल्या, आता ते आकडा म्हणून उरलं आहे. काका तेव्हा नोकरीत होते.

"गावाकडच्या गाड्यातून मानसं उतरत," ते म्हणाले. "डोळे चोळत. एकाले त्याच्या भावानं धरून आनलं होतं. मले विचारते, मेडिकलले कोन्ती गाडी जाते? मी म्हनलो, काय झालं याले? तर म्हने, काही नाही साहेब, ऊन लागलं. कांदा फोडून लावला, पन उतरून नाही राहिलं. अन् अंगाले वास कशाचा, त दहा फुटावरून समजे. दोन दिवस घरीच ठेवला होता त्याले. ऊन म्हनून."

मग त्यांनी साहेबांच्या हातातली बाटली काढून घेतली.

"झाडाले ऊन लागलं त औषध मारता, अन् मानसाले औषध लागलं त ऊन लागलं म्हनता. कमाल हाय न तुमची."

हे 'तुमची' साहेबांना उद्देशून होतं का, मला नक्की सांगता येणार नाही. साहेब तर खेड्यात राहिलेलेच नव्हते. भावानं धरून आणलेल्या त्या माणसाचं पुढं काय झालं, हे कोणी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. ते तीन बाटल्या पिशवीत घालून, स्कूटर काढून थेट त्या कृषी केंद्रात गेले आणि तिथं असे काही भांडले की दुकानदारानं दोन बाटल्यांचे पैसे परत दिले. टॉनिकचे दिले नाहीत. त्यावरून ते आजही त्या दुकानासमोरून जाताना हॉर्न वाजवतात.

साहेबांची रोपं जगली, हेही नोंदवलं पाहिजे. काकांनी तो ट्रे जप्त करून आपल्या ओसरीत नेला, रजिस्टरमध्ये 'ट्रे ७ (अपघातग्रस्त)' अशी नोंद केली, आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात. अर्धा-पाऊण तास, जवळची फेरी. पांढऱ्या पानांच्या वर नवी हिरवी जोडी फुटली तेव्हा साहेबांना बोलावून दाखवली. साहेब म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, काटक आहेत!" काकांनी शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं ते त्या दिवशी मला दाखवलं नाही.

या माणसाचा राग राग करायला मला फार आवडलं असतं. परीक्षेच्या हॉलमधला तो प्रसंग मी अजून विसरलेलो नाही. पण दिवाळीत त्यांचा मुलगा पुण्याहून येतो. हिंजवडीत कुठंतरी आहे, वर्षभर रात्रपाळ्या करतो, डोळ्यांखाली काळं झालेलं. तो इथं येऊन चार दिवस नुसता झोपतो. सकाळचे दहा होतात, अकरा होतात. ज्या घरात चार मिनिटांचा उशीर सहीनिशी नोंदवला जातो, त्या घरात बारा वाजेपर्यंत एक माणूस घोरत असतो. काकू म्हणतात, उठवा आता. काका म्हणतात, "राहू दे. आत हाय न." आणि त्या चार दिवसांत 'एक नंबर बाहेर' ही आरोळी खुणेवर चालते. काका नुसते बोट वर करतात आणि आम्ही ट्रे उचलतो.

दिवाळीच्या सुमाराला रोपं वाटली जातात. पैसे घेत नाहीत, म्हणूनच महाग पडतात. पाच रोपं हातात देतात आणि पाचावर पन्नास सूचना. आदल्या दिवशी पाणी द्या. लावायची ती संध्याकाळीच, म्हणजे पहिली रात्र थंडाव्यात जाते. खालची दोन पानं काढून खोड जरा खोल गाडा, टमाटरच्या खोडाला मातीत मुळं फुटतात. युरिया हातात धरू नका. दोन दिवस दुपारी वरून पळसाची पानं खोचून ठेवा. आणि मग तपासणी. मी पेपर वाचत बसलेलो असतो आणि कुंपणावरून विचारणा होते, "सर, चार नंबरचं काहून मान पाडून राहिलं?" माझ्या घरच्या रोपांना नंबर आहेत, हे मला तेव्हा कळतं.

मग जानेवारी उजाडतो आणि कॉलनीतल्या झाडून सगळ्या घरी टमाटर एकदम पिकतात. २०२३ च्या जुलैत शंभराच्या कितीतरी वर गेलेला हा जिन्नस आमच्याकडं नेमका बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही तेव्हा तयार होतो. चटणी होते, सार होतं, भरीत होतं, शेवभाजीत दुप्पट पडतात, तरी उरतात. लोक अंधारात एकमेकांच्या गेटला पिशव्या अडकवून पळतात. काकांच्या गेटला अडकवता येत नाहीत, कारण त्यांच्याकडं आधीच सगळ्यांत जास्त, आणि त्यातला एकही ते खात नाहीत. मुतखडा आहे. डॉक्टरांनी टमाटर बंद केले, त्याला आता बरीच वर्षं झाली. ही गोष्ट मला काकूंनी सांगितली, आणि सांगताना त्या इतक्या हसल्या की त्यांना ओट्याला धरावं लागलं.

यंदा संक्रांतीला काका तिळगूळ द्यायला आले. गोड बोलले. इकडची-तिकडची चौकशी केली. मग बसल्या जागेवरून आमच्या ओसरीची रुंदी नजरेनं मोजत विचारलं, "सर, पुढच्या महिन्यात कुठं गावाले नाही न जाऊन राहिले?"

मी म्हटलं, नाही.

"बरं झालं. मिरची टाकली हाय."

मिरचीचं रोप लागवडीला यायला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, टमाटरपेक्षा पंधरवडा जास्त, हेही त्यांनी न विचारता आणि फार आनंदानं सांगितलं.